वाजल्यावर कोण येणार?

घरात बिनतारी चोर-अलार्म बसवायचं मनात आलं की माणूस बहुतेक तीन प्रश्न घेऊन येतो. संचात सेन्सर किती मिळतात, मोबाइलवर दिसतं का आणि सगळं मिळून कितीत बसेल. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण हे बसवण्याचं काम करता करता माझं मत असं होत गेलं आहे की त्यांच्याआधी एक चौथा प्रश्न विचारायला हवा आणि नेमका तोच सहसा कुणी विचारत नाही: भोंगा वाजल्यावर येणार कोण? घरची मंडळी गावाला गेलेली असतात, समोरच्या फ्लॅटला कुलूप असतं, खालचा वॉचमन गेटवर असतो आणि लिफ्ट पाचव्या मजल्यावर अडकलेली असते. अशा वेळी जिना चढून येणारा माणूस कोण, हे नावानिशी सांगता आलं पाहिजे. समोरचे काका, वरच्या मजल्यावरच्या वहिनी, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा भाचा, कुणीही चालेल. ते नाव ठरलं की सेन्सर कोणते घ्यायचे, कुठे लावायचे, भोंगा कुणीकडे तोंड करून बसवायचा, हे सगळं त्या माणसाकडे बघून ठरवता येतं. नाव ठरलं नाही तर संच कितीही महागाचा घ्या, तो रिकाम्या घरात रिकाम्या घरालाच ओरडून सांगत बसतो.

आपल्याकडे घरफोडी कशी होते ते वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर रोज वाचायला मिळतं आणि वर्षानुवर्षं मजकूर जवळपास तोच असतो: बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून चोरट्यांनी आत प्रवेश केला, कपाटातला ऐवज लांबवला. कटावणी किंवा लोखंडी टॉमी एवढंच हत्यार. कुलूप भक्कम असतं. तुटतो तो कोयंडा, नाहीतर चौकटीतून त्याचे स्क्रूच उपटून येतात. जुन्या इमारतींत दुसरी वाट म्हणजे डक्ट. ड्रेनेजच्या पाइपावरून चढायचं आणि न्हाणीघराच्या खिडकीतल्या काचेच्या पट्ट्या एकेक करून काढून ठेवायच्या. दोन्ही रीतींत चोराचं भांडवल म्हणजे निवांत मिळणारी दहा-पंधरा मिनिटं. अलार्म चोराला थोपवत नाही, तो ही मिनिटं कमी करतो. म्हणून चाहूल आधी लागावी आणि अडथळा त्यानंतर यावा, हा क्रम फार महत्त्वाचा आहे. सेन्सर फक्त बेडरूममधल्या कपाटापाशी लावला, तर दोन दरवाजे तुटून झाल्यावर भोंगा वाजतो आणि चोराला फक्त कपाट उघडायचं उरलेलं असतं. तोच सेन्सर बाहेरच्या सेफ्टी डोअरवर असेल तर भोंगा वाजतो त्या क्षणी मुख्य दरवाजा अजून शाबूत असतो. येणाऱ्या माणसाला जिना चढायला वेळ मिळतो तो याच क्रमामुळे. याचा दुसरा अर्थ असाही की ज्या घराचा मुख्य दरवाजा एका लाथेत उघडेल, त्या घरात अलार्मआधी सुताराला बोलावावं. मी तसं सांगतो तेव्हा गिऱ्हाईक थोडं नाराज होतं, पण चार लांब स्क्रूंचा आणि जाड कोयंड्याचा खर्च सेन्सरपेक्षा कमी असतो.

येणारा माणूस हा व्यवस्थेचा भाग धरला की त्या व्यवस्थेचं सर्वात मोठं नुकसान कशाने होतं हेही उघड होतं. चोराने नव्हे, खोट्या अलार्मने. अमेरिकेत घरगुती अलार्मचा प्रसार आपल्या कितीतरी आधी झाला आणि तिथल्या पोलिसांचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. अनेक शहरांत पोलिसांपर्यंत पोचणाऱ्या चोर-अलार्मांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त खोटे निघत. शेवटी सॉल्ट लेक सिटीने २००० सालच्या डिसेंबरात नियमच बदलला: नुसता अलार्म वाजला म्हणून पोलिस धावणार नाहीत, आधी कुणीतरी प्रत्यक्ष पाहून खात्री करावी. पगारी, गाडी आणि वायरलेस दिमतीला असलेलं पोलिस दल जर कंटाळलं, तर आपल्या सोसायटीतल्या शेजाऱ्याकडून काय अपेक्षा करायची? आपल्याकडचं घरगुती पॅनेल, म्हणजे सेन्सरांचे संदेश घेऊन भोंगा वाजवणारी मुख्य डबी, पोलिस ठाण्याला जोडलेलं नसतं. ११२ ला फोन कुणीतरी माणसानेच करायचा असतो. तो माणूस पहिल्या वेळी चप्पल न घालता धावत येतो. दुसऱ्या वेळी दार किलकिलं करून बघतो. तिसऱ्या वेळी सेक्रेटरीकडे तक्रार जाते आणि चौथ्या वेळी, खरा चोर आलेला असताना, मजल्यावरचा प्रत्येक जण कूस बदलून झोपतो. त्यामुळे कुठला सेन्सर चांगला, याचं माझं मोजमाप एवढंच आहे की तो शेजाऱ्याची झोप किती कमी वेळा विनाकारण मोडेल.

या मोजमापाने सर्वात कडक परीक्षा होते ती हालचाल टिपणाऱ्या सेन्सरची, म्हणजे ज्याला बाजारात पीआयआर म्हणतात त्याची. तो काही पाठवत नाही, नुसता बघतो, तेही उष्णता. माणसाच्या अंगातून साधारण नऊ-दहा मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक अवरक्त किरण निघतात. पुढची दुधी प्लॅस्टिकची भिंगं खोलीचे पंख्यासारखे उलगडलेले पट्टे पाडतात आणि एका पट्ट्यातून दुसऱ्यात ऊब सरकली की आतला घटक खूण देतो. एवढं समजलं की लावायची जागा आपोआप सुचते. माणूस सेन्सरच्या दिशेने सरळ चालत आला तर पट्टे कमी ओलांडले जातात, आडवा गेला तर जास्त. म्हणून दाराच्या बरोबर समोरच्या भिंतीवर लावण्यापेक्षा कोपऱ्यात, आत येणारा आडवा जाईल असा, जमिनीपासून सात-साडेसात फुटांवर लावावा. साध्या खिडकीच्या काचेतून हे किरण पार होत नाहीत, त्यामुळे बंद खिडकीमागून रस्त्यावरचा माणूस दिसेल ही भीती नको. पण दुपारचं ऊन काचेतून थेट भिंगावर पडलं तर तो भांबावतो. पंख्याच्या वाऱ्याने हलणारा पडदा उन्हाने तापलेला असेल तरी तेच. गणपतीत छताला टांगलेल्या झिरमिळ्या, कॅलेंडरची फडफडणारी पानं, इन्व्हर्टरचा गरम वारा ही यादी घरोघरी थोडीफार बदलते.

आणि मग पाल. परदेशी माहितीपत्रकात पाळीव प्राण्यांची सोय लिहिलेली असते. पंधरा-वीस किलोपर्यंतचं कुत्रं फिरलं तरी वाजणार नाही वगैरे. आपल्या घरात अडचण करते ती चार बोटांची पाल, कारण ती जमिनीवर नसते, सेन्सरच्याच भिंतीवर असते. भिंगापासून दोन इंचांवरून किडा टिपायला सरकलेली पाल, किंवा भिंगावरच जाळं विणणारा कोळी, सेन्सरच्या नजरेत दूरच्या माणसाएवढा मोठा होतो. पालीचं रक्त थंड, तरी तिचं अंग भिंगाच्या इतक्या जवळून सरकलं की तेवढा फरक पुरतो. उपाय साधे आहेत. ट्यूबलाइटच्या शेजारी सेन्सर लावू नये, कारण किडे तिथे येतात आणि किड्यांमागे पाल येते. आतल्या तारेचं किंवा स्क्रूचं भोक सिलिकॉनने बुजवावं, म्हणजे मुंग्या आत घर करत नाहीत. एका हालचालीवर न वाजता थोड्या वेळात दोन खुणा आल्या तरच वाजेल अशी सोय बहुतेक सेन्सरांत असते, ती चालू करावी. विदर्भात याच्या उलट त्रास. मे महिन्यात बंद घरातली हवा आणि भिंती अंगाच्या तापमानाला येऊन पोचतात, तेव्हा माणूस आणि मागची भिंत यांतला फरकच उरत नाही आणि सेन्सर आंधळा होऊ लागतो. चांगल्या सेन्सरमध्ये यासाठी तापमानाप्रमाणे संवेदनशीलता वाढवण्याची योजना असते, पण नागपूर-चंद्रपूरकडच्या बंद घरात, मेच्या सुट्टीत, मी पीआयआरच्या एकट्याच्या भरवशावर कुणाला राहू देणार नाही.

म्हणूनच साध्या, स्वस्त लोहचुंबकाच्या सेन्सरवर माझा जास्त जीव. चौकटीवर एक डबी, दरवाजावर एक चुंबक. दोन्ही जवळ असली की डबीतल्या काचेच्या नळीतल्या दोन पत्र्या आपली जागा धरून असतात, दार उघडलं की सुटतात. याला ऊन, पाल, पडदा काही कळत नाही. मात्र बसवताना हात घाईचा असून चालत नाही. आपल्याकडची सेफ्टी डोअरं लोखंडी असतात आणि लोखंड चुंबकाचं बळ आपल्याकडे ओढून घेतं. लाकडी दारावर पाऊण इंच अंतर चालणारा सेन्सर लोखंडी दारावर पाव इंचालाही कुरकुरतो. चुंबकाखाली अर्ध्या इंचाची प्लॅस्टिकची किंवा लाकडाची पट्टी घालून त्याला लोखंडापासून उचलावं लागतं, नाहीतर लोखंडी दारांसाठीचा मोठा चुंबक वापरावा लागतो. संचासोबत येणारी दुहेरी चिकटपट्टी कोरड्या हवेत छान धरते आणि जुलैमध्ये कोकणातल्या दमट भिंतीवरून रात्री तीन वाजता सुटून खाली पडते. सेन्सर पडला म्हणजे दार उघडलं असाच पॅनेलचा समज होणार. म्हणून स्क्रूच मारावेत. सागवानी दारं पावसाळ्यात फुगतात आणि हिवाळ्यात आक्रसतात, तेव्हा फट मोजायची ती दार हाताने जोरात हलवून, सर्वात जास्त जेवढी पडते तेवढी. समुद्रावरचा वारा दार धडधडवतो तेव्हा हीच फट भोंगा वाजवते किंवा वाजवत नाही.

आता बिनतारीपणाबद्दल. त्याचा फायदा खरा आहे. रंगवलेल्या भिंती फोडाव्या लागत नाहीत, भाड्याच्या घरातून निघताना संच उचलून नेता येतो, अर्ध्या दिवसात काम होतं. पण त्यात एक जुना दोष नव्या रूपात परत आला आहे. १८५३ साली अमेरिकेत ऑगस्टस रसेल पोप यांनी विजेवर चालणाऱ्या चोर-अलार्मचं पेटंट घेतलं. त्यात दार उघडलं की मंडल जोडलं जाई आणि घंटा वाजे. अर्थात तार आधीच कापून ठेवली तर घंटा मुकी. पुढे उलटी रीत आली: मंडल कायम जोडलेलं ठेवायचं, म्हणजे दार उघडलं काय नि तार कापली काय, दोन्हींनी घंटा वाजते. आज बाजारात मिळणारे अगदी स्वस्त बिनतारी संच पोप यांच्या काळात परत जातात. त्यांचे सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झवर एकतर्फी बोलतात; बोललो ते पॅनेलने ऐकलं का, हे त्यांना कळत नाही. सेन्सर गप्प आहे याचे दोन अर्थ होतात, दार बंद आहे किंवा बॅटरी मेली आहे, आणि पॅनेलला त्यांतला फरक सांगता येत नाही. दुतर्फी संचात सेन्सर ठरावीक वेळाने हजेरी लावतो, पॅनेल पोच देतं, आणि हजेरी चुकली तर तुम्हाला कळवतं. सेन्सर किती आणि अ‍ॅप किती देखणं, यापेक्षा पैसे द्यायचे ते या हजेरीसाठी. स्वस्त संचातली आणखी एक खोट अशी की रिमोटचा सांकेतिक क्रमांक कायम तोच राहतो. तो हवेतून एकदा टिपला की तसाच पुन्हा सोडून अलार्म बंद करता येतो. दर वेळी क्रमांक बदलणारे संच थोडे महाग असतात, पण घ्यावेत तेच.

मुलगा-सून अमेरिकेत असलेल्या घरांत तिकडून आणलेला संच हमखास पुढे येतो. तो लावू नये, असंच मी सांगतो. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून विनापरवाना वापराला खुला आहे, पुढे त्यात ८६८ पर्यंत वाढ झाली. तिकडचे काही संच ९०२ ते ९२८ या पट्ट्यात बोलतात, ज्याचा काही भाग इथे मोबाइल कंपन्यांकडे आहे. परवान्याचा प्रश्न आहेच, शिवाय त्या गर्दीत आपल्या सेन्सरचा आवाज पॅनेलपर्यंत पोचेल याची खात्री नाही. इथल्या रीतसर संचाचीही खात्री घरात फिरूनच करावी लागते. आरसीसीच्या दोन भिंती, लिफ्टचा खड्डा किंवा मधे उभं केलेलं पोलादी कपाट, एवढ्याने संदेश अडतो. पॅनेल कुठेतरी आतल्या खोलीत, दारातून दिसणार नाही असं ठेवावं आणि भोंगा त्यापासून वेगळा, जिन्याच्या खिडकीकडे तोंड करून. पॅनेल, भोंगा, फोन लावण्यासाठीचं सिम सगळं एकाच डबीत आणि ती डबी दाराशेजारी, अशी मांडणी म्हणजे चोराने पहिल्या फटक्यात काय फोडायचं ते त्याला सांगून ठेवण्यासारखं आहे.

सिमबद्दल थोडकंच. जुनी पॅनेलं टूजीवर चालतात. २०१६ मध्ये आलेल्या जिओकडे टूजी नाहीच, तेव्हा ते सिम अशा पॅनेलमध्ये निरुपयोगी. सिम कुणाचंही असलं तरी रिचार्ज संपलं की ते गप्प होतं आणि पॅनेलमधल्या सिमचं रिचार्ज लक्षात ठेवणारा माणूस मला विरळाच दिसतो. ते घरातल्या कुणाच्या तरी मोबाइलच्या रिचार्जबरोबर बांधून टाकावं. नुसतं वायफायवर चालणारं पॅनेल असेल तर राउटरलाही बॅटरीचा आधार हवा. वीज गेली आणि राउटर मेला की पॅनेलची बॅटरी भरलेली असून बोलायला वाट नसते.

माझ्या या सगळ्या मांडणीवर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, सीसीटीव्ही आहे ना! आहे, आणि तपासाला तो उपयोगीही पडतो. पण कॅमेरा रात्री दोन वाजता कुणाला उठवत नाही. सकाळी तोंडाला रुमाल बांधलेली आकृती दाखवतो. मोबाइलवर हालचालीची सूचना पाठवणारे कॅमेरे आहेत, पण दिवसातून तीस वेळा मांजर आणि इस्त्रीवाला दाखवणाऱ्या सूचना लोक आठवड्यात बंद करून टाकतात. तिथेही नुकसान तेच, विश्वासाचं. दुसरा आक्षेप, चोर रेडिओ लहरी जॅम करेल. शक्य आहे, चांगली पॅनेलं असा गोंगाट ओळखून इशाराही देतात. पण ज्याचं हत्यार कटावणी आहे आणि जो घर निवडताना कुलूप आणि दारात साचलेली वर्तमानपत्रं बघतो, त्याच्याविरुद्ध तयारी करताना जॅमरची चिंता यादीत फार खाली येते.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: आजकाल शेजारी येत नाहीत. घरफोडीच्या बातम्यांत असंही वाचायला मिळतं की चोरट्यांनी आजूबाजूच्या घरांच्या कड्या बाहेरून लावून घेतल्या होत्या. मग यायची इच्छा असलेला माणूसही दारामागे अडकतो. म्हणून माझा आग्रह आहे की येणारी नावं दोन असावीत, एक मजल्यावरचं आणि एक वेगळ्या मजल्याचं किंवा वेगळ्या इमारतीचं, आणि पॅनेलने दोघांनाही फोन लावावा. दिवसाचा विचारही वेगळा करावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ मध्ये रात्रीच्या घरफोडीला दिवसाच्या घरफोडीपेक्षा जास्त शिक्षा आहे. पण कामाला जाणाऱ्या माणसांच्या इमारतीत सकाळी अकरा वाजता मजल्यावर कुणीच नसतं. तिथे निवृत्त आजोबांचं नाव सर्वात मोलाचं. त्यांनी चोराच्या अंगावर जायचं नाही, हेही त्यांना स्पष्ट सांगून ठेवावं. खिडकीतून आरडाओरडा करायचा, वॉचमनला हाक मारायची आणि ११२ लावायचा, एवढंच काम. आणि शेजाऱ्याला अगोदर सांगितलेलं नसताना तो आला नाही म्हणून त्याला दोष देणं मला पटत नाही. अनोळखी भोंगा ऐकून तो गाडीचा असेल, लिफ्टचा असेल असं समजणं माणसाच्या स्वभावाला धरून आहे. हाच भोंगा एकदा मुद्दाम वाजवून दाखवला, आपला नंबर दिला, किल्ली कुणाकडे आहे ते सांगितलं, की त्या आवाजाला पत्ता मिळतो.

दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीच्या तोंडावर पोलिस दरवर्षी सांगतात की दागिने लॉकरमध्ये ठेवा आणि बाहेरगावी जाताना शेजाऱ्यांना कळवा. अलार्म घेतला म्हणून ही दोन्ही कामं सुटत नाहीत. निघण्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी सातच्या सुमाराला, ज्यांची नावं पॅनेलमध्ये घातली आहेत त्यांना सांगून प्रत्येक दार एकदा उघडा, प्रत्येक खोलीतून एकदा चाला, भोंगा वाजू द्या. ज्याला फोन जायला हवा होता त्याला गेला का, हे त्याच्या तोंडून ऐका. गेला नसेल तर सिमचं रिचार्ज तपासा आणि बॅटऱ्या बदला.